दिवंगत वडिलांच्या सेवानोंदीत राहून गेलेली पदके कशी नोंदवून घ्यावीत?

फोंडेकर_लेक

माझे वडील १९७४ मध्ये लष्करातून नाईक या हुद्द्यावर निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी त्यांचे निधन झाले. आमचे गाव फोंडा तालुक्यातले. गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात असतानाच, म्हणजे १९५९ मध्ये, ते चंदगड भागात आपल्या मामांकडे गेले, तिथून बेळगावला जाऊन मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि पुढे स्वेच्छेने पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत, म्हणजे २ पॅरामध्ये गेले. डिसेंबर १९६१ मध्ये ५० व्या पॅराशूट ब्रिगेडची ही मराठा पलटण फोंड्याच्या वाटेने गोव्यात आली, तेव्हा ते तिच्यात होते, असे आईने आम्हाला नेहमी सांगितले आहे. ते स्वतः याबद्दल फार कमी बोलत.

त्यांची डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेली सेवेची पुस्तिका, आता माझ्याकडे आहे. पदकांच्या रकान्यात निळ्या शाईने चारच नोंदी आहेत: सैन्य सेवा मेडल, रक्षा मेडल १९६५, पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल. मात्र निवृत्तीच्या सुमारास स्टुडिओत काढलेल्या त्यांच्या गणवेशातील फोटोत छातीवर पाच फिती स्पष्ट दिसतात. गोव्याच्या मोहिमेसाठी जनरल सर्व्हिस मेडल १९४७ वर ‘गोवा १९६१’ अशी धातूची पट्टी (क्लॅस्प) दिली जात असे, आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचे पदक मिळाले, असे मला कळले. या दोन्हींपैकी एकाचीही नोंद पुस्तिकेत नाही.

दुसरी अडचण नावाची आहे. लष्करात त्यांनी मामांच्या गावचा पत्ता दिला आणि आडनाव गावावरून लावले. आमच्या जन्मनोंदी व घराचे दस्त यांत आडनाव वेगळे आहे, आणि पोर्तुगीज काळातल्या नोंदीत तर त्यांच्या नावाचे स्पेलिंगही निराळे आहे. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, ते मात्र लष्करातल्या नावानेच. अर्ज कोणी करावा, कोणाकडे करावा आणि इतक्या वर्षांनी तो ऐकून घेतला जाईल का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. गोवा मुक्त करायला आलेल्या फौजेत गोव्याचाच एक मुलगा होता, ही गोष्ट सरकारी कागदावर यावी, एवढीच आमची इच्छा आहे.

निवृत्त_सुभेदार_क्लार्क

ताई, मी माझ्या नोकरीचा बराच काळ रेकॉर्ड ऑफिसमध्ये काढला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पदकाच्या बाबतीत तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिली गोष्ट पात्रतेची, म्हणजे ठरलेल्या काळात ठरलेल्या भागात सैनिक हजर होता की नाही. दुसरी गोष्ट त्या पात्रतेची प्रसिद्धी. पलटणीत सैनिकाच्या आयुष्यात जे जे घडते, मग ती रजा असो, लग्न, अपत्यजन्म, बढती किंवा पदक असो, ते पार्ट टू ऑर्डरमध्ये छापले जाते, त्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथला क्लार्क ती नोंद सैनिकाच्या शीट रोलवर, म्हणजे त्याच्या मूळ सेवापत्रकावर चढवतो. तिसरी गोष्ट प्रत्यक्ष धातूचे पदक, आणि ते कित्येकांना निवृत्तीनंतरही मिळालेले नसते. डिस्चार्ज बुक ही शीट रोलवरून शेवटी भरलेली पुस्तिका आहे. त्यामुळे तुमच्या वडिलांच्या बाबतीत मूळ शीट रोलवर नोंद असून पुस्तिकेत उतरवताना ती सुटली असेल, किंवा पार्ट टू ऑर्डरच निघाली नसेल. पहिल्या प्रकारात तुम्ही लेखनिकाची चूक दुरुस्त करून मागता आणि दुसऱ्या प्रकारात पात्रता सिद्ध करता. दोन्हींचे अर्ज अगदी वेगळे लिहावे लागतात, म्हणून आधी शीट रोलची प्रमाणित प्रत आणि पदकांसंबंधीच्या पार्ट टू ऑर्डरचे उतारे मागवा. ते हातात येईपर्यंत दुरुस्तीचा अर्ज करू नका.

भरती बेळगावला झाली असली तरी बेळगावला लिहून उपयोग नाही. सैनिकाची कागदपत्रे त्याच्या शेवटच्या रेजिमेंटबरोबर जातात, आणि पॅराशूट रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस बंगळुरूला आहे. पत्रात आर्मी नंबर, हुद्दा, लष्करातले नाव, भरतीची व निवृत्तीची तारीख आणि आईच्या निवृत्तिवेतनाच्या आदेशाचा, म्हणजे पीपीओचा क्रमांक अवश्य द्या. नाव एखाद्या अक्षराने चुकले तरी चालते, पण नंबर चुकला तर फाइल सापडतच नाही.

आता दोन्ही पदकांविषयी. पंचविसाव्या वर्धापनदिनाच्या पदकासाठी कुठल्या मोहिमेचा पुरावा लागत नाही. त्या दिवशी सैनिक सेवेत होता एवढेच पाहायचे असते, आणि तुमच्याकडच्या पुस्तिकेत भरती १९५९ व निवृत्ती १९७४ लिहिली आहे, म्हणजे पुरावा लष्कराच्याच सहीशिक्क्याचा आहे. ‘गोवा १९६१’ ची गोष्ट अधिक नाजूक आहे. जनरल सर्व्हिस मेडल १९४७ हे पदक एकच असून मोहिमेनुसार त्यावर वेगळी पट्टी येते. ‘नागा हिल्स’, ‘गोवा १९६१’, ‘लडाख १९६२’ या त्यातल्याच काही पट्ट्या. २ पॅरा त्या मोहिमेत होती हे कोणालाही सिद्ध करावे लागणार नाही, ते लष्कराच्या इतिहासात आहे. सिद्ध करायचे ते हे की त्या डिसेंबरात तुमचे वडील पलटणीबरोबर होते, रजेवर, कोर्सवर किंवा इस्पितळात नव्हते. त्यासाठी शीट रोलवरील नेमणुका आणि रजेच्या तारखा पाहाव्या लागतील.

फोटोतली पाचवी फीत हा पुरावा नव्हे, पण ती दिशा दाखवते. कारण नोंद नसताना फीत लावून परेडला उभे राहणाऱ्या सैनिकाला त्या काळी कोणीही तसेच सोडले नसते. फोटोची मोठी प्रत काढून जोडा. तुमच्याकडे एखादे पदक असेल तर त्याची कडही पाहा. सरकारी पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव उमटवलेले असते.

डिचोलीची_सून

सुभेदारसाहेबांनी सांगितले त्यात नावाबद्दल थोडी भर घालते, कारण माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न होता. ते नौदलात होते, त्यामुळे आमचा पत्रव्यवहार मुंबईला मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील नाविकांच्या ब्युरोशी झाला, पण नावाची गुंतागुंत तुमच्यासारखीच.

लष्कराच्या कागदावरचे नाव बदलून घेण्याच्या मागे लागू नका. आम्हाला एका कार्यालयात तसा सल्ला मिळाला होता आणि त्यात बराच काळ फुकट गेला. मृत व्यक्तीचे नाव आता बदलायचे कशाला? दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत एवढे दाखवले की काम भागते. सासूबाईंनी तसे प्रतिज्ञापत्र केले आणि त्याला दोन्ही नावांचे कागद जोडले. त्यांच्या विवाहनोंदीत सासऱ्यांचे घरचे नाव होते आणि नौदलाच्या कागदांत पत्नी म्हणून सासूबाईंचे नाव होते. हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर कोणाला शंका उरली नाही. पोर्तुगीज काळातली नोंद हवी असेल तर आधी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे विचारा. फार जुनी पुस्तके पणजीच्या पुराभिलेख खात्यात मिळतात. पोर्तुगीज भाषेतल्या उताऱ्यासोबत प्रमाणित भाषांतर जोडा, कारण बंगळुरूच्या टेबलावर तो कोणी वाचणार नाही.

आणि अर्ज तुमच्या नावाने न करता आईंच्या नावाने करा. त्यांचे नाव लष्कराच्या नोंदीत आधीच आहे, त्यामुळे वारस कोण हा प्रश्नच उद्भवत नाही. मुलांनी अर्ज केला की गोव्यातील पद्धतीप्रमाणे सब-रजिस्ट्रारकडे केलेले सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण हे सांगणारा दस्त, मागितले जाते, आणि भावंडे परदेशी असली की ते रखडते. अर्ज पाठवण्यापूर्वी पणजीच्या सैनिक कल्याण कार्यालयात आईंची माजी सैनिकाची पत्नी म्हणून नोंद आहे का, तेही पाहून घ्या. त्यांच्या शिफारशीसह गेलेल्या पत्राला उत्तर लवकर येते, असा आमचा अनुभव आहे. राज्य सरकारच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या यादीशी या कामाचा संबंध नाही. आम्हाला सुरुवातीला कोणीतरी तिकडेच पाठवले होते, म्हणून सांगते.

मडगावचा_वकील

कायद्याच्या बाजूचे थोडक्यात लिहितो. साध्या पत्राला उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करावा. शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची. केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरून भारतीय लष्कराकडे अर्ज करता येतो. ही व्यक्तिगत माहिती आहे असे सांगून ती नाकारली जाऊ नये, यासाठी आईंचा पीपीओ, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र पहिल्याच अर्जाला जोडा. प्रश्न नेमके विचारा. ‘वडिलांना कोणती पदके मिळायला हवीत’ असे विचारले तर ‘हे मत आहे, माहिती नाही’ असे उत्तर येईल. ‘शीट रोलची प्रत द्या’, ‘अमुक ते अमुक तारखेदरम्यान यांच्या नावे निघालेल्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती द्या’, असे मागा. नकार आला किंवा मुदतीत उत्तर आले नाही, तर ३० दिवसांत पहिले अपील करा.

मुदत उलटल्याने कागदपत्रे नष्ट केली, असे उत्तर काहींना मिळते. ते मुख्यतः निवृत्तिवेतन नसलेल्या सैनिकांच्या बाबतीत येते, त्यांची कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. तुमच्याकडे निवृत्तिवेतन चालू आहे, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. नष्ट केल्याचा दाखला आणि लाँग रोलमधील, म्हणजे सैनिकांच्या कायमस्वरूपी नोंदवहीतील, नोंद लेखी मागा.

दुरुस्तीचा रीतसर अर्ज फेटाळला गेला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जाता येते. २००७ च्या कायद्याच्या कलम २ मध्ये निवृत्त सैनिकांचे वारस व अवलंबितही स्पष्टपणे समाविष्ट आहेत. गोव्यासाठी मुंबईचे खंडपीठ आहे. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो, म्हणून लेखी नकाराची तारीख जपून ठेवा. निवृत्तिवेतनाच्या दाव्यात दर महिन्याला नुकसान होते असे म्हणून उशीर माफ करून घेता येतो. पदकाला ते लागू होणे कठीण आहे, त्यामुळे इतकी वर्षे नोंद का मागितली नाही याचे प्रामाणिक स्पष्टीकरण सुरुवातीच्या पत्रातच असू द्या. वडील स्वतः याबद्दल बोलत नसत आणि पुस्तिका त्यांच्या पश्चात तुमच्या हाती आली, हे पुरेसे सयुक्तिक कारण आहे. पण माझा अनुभव असा, की कागद पूर्ण असले तर न्यायाधिकरणापर्यंत जावे लागत नाही. त्यामुळे भांडणाच्या भाषेत पत्र लिहू नका.

फोंडेकर_लेक

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. आईच्या नावाने आधी शीट रोल मागवते, दोन्ही नावांचे प्रतिज्ञापत्रही तयार करून घेते. आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वडिलांच्या पलटणीतले एक सहकारी आजऱ्याजवळ राहतात. ते ऐंशीच्या पुढचे आहेत, पण स्मरण उत्तम आहे. १९६१ मध्ये दोघे एकाच कंपनीत होते, असे ते सांगतात. त्यांचे निवेदन घेऊन ठेवावे का? आणि भावाचे म्हणणे आहे की लष्करी कॅम्पातल्या दुकानात सगळी पदके विकत मिळतात, ती घेऊन चौकटीत लावावीत. मला ते पटत नाही.

निवृत्त_सुभेदार_क्लार्क

त्यांचे निवेदन आजच घ्या, शीट रोलची वाट पाहू नका. नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करा. त्यात त्यांचा स्वतःचा आर्मी नंबर, कंपनी, प्लाटून आणि त्या महिन्यात पलटण कुठून निघाली व कुठे मुक्कामाला होती, हे त्यांच्या शब्दांत येऊ द्या. तुम्ही वाक्ये सुचवू नका. त्यांच्या डिस्चार्ज बुकमध्ये ‘गोवा १९६१’ ची नोंद असेल तर त्या पानाची प्रत जोडा. एकाच कंपनीतल्या एकाची नोंद आहे आणि दुसऱ्याची नाही, हे दिसले की रेकॉर्ड ऑफिसमधला माणूस स्वतःहून त्या काळच्या ऑर्डर काढून पाहतो. शीट रोलवर त्या काळात रजा दिसली नाही आणि हे निवेदन सोबत असले, तर तुमची बाजू भक्कम होते.

दुकानातल्या पदकांविषयी तुमचे म्हणणे बरोबर आहे. सेवेतले जवानही खरे पदक यायला उशीर लागतो म्हणून परेडसाठी तशी पदके घेतात, त्यात गैर काही नाही. पण नोंद व्हायच्या आधी ती चौकटीत लावून त्यावर वडिलांचे नाव कोरून घेऊ नका. पुढे घरातल्याच कोणाला खरे कोणते आणि विकतचे कोणते हे कळणार नाही. दुरुस्ती मंजूर झाली की पार्ट टू ऑर्डरची प्रत आणि सुधारित नोंदीचा उतारा लेखी मागून घ्या, आणि त्याच पत्रात प्रत्यक्ष पदकाची मागणी करा. आधी मिळून हरवलेल्या पदकासाठी अर्ज वेगळा असतो, म्हणून ‘कधीच मिळाले नाही’ हे शब्द पत्रात स्पष्ट असू द्या. वर्धापनदिनाचे पदक आणि गोव्याची पट्टी एकाच पत्रात मागा, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत. पहिले लगेच मंजूर होण्यासारखे आहे, ते दुसऱ्यासाठी अडकून पडायला नको. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती पीपीओच्या फाइलमध्ये ठेवा.