खडकाच्या आवरणानंतर उरणारी अडचण

अणुकेंद्राचा अतिदुर्मिळ क्षय शोधणारा प्रयोग जमिनीखाली खोल नेला की अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा अडथळा जवळजवळ संपतो, हे नेहमीचे म्हणणे मान्य आहे. पण त्यावरून ‘मग संकेत स्वच्छच मिळणार’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो पटत नाही. इटलीतील ग्रान सासो येथील भूमिगत प्रयोगशाळेच्या डोक्यावर सुमारे 1400 मीटर खडक आहे, पण त्याच खडकातील युरेनियम आणि थोरियमचे किरण उपकरणापर्यंत येतात, आणि ते अडवण्यासाठी लावलेले शिसेही निर्दोष नसते, कारण नव्या शिशात सुमारे 22 वर्षे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावण्याचा काळ) असलेले किरणोत्सारी शिसे-210 असते.

म्हणूनच असा क्षय शोधणाऱ्या तेथील क्युओरे प्रयोगात टेलुरियम डायऑक्साइडच्या 988 स्फटिकांभोवतीच्या आतल्या कवचासाठी, सार्डिनियाजवळ सुमारे 2000 वर्षांपूर्वी बुडालेल्या रोमन जहाजातील शिसे वापरले आहे. एवढ्या काळात त्यातील शिसे-210 क्षय पावून संपले. लगडींवरची रोमन अक्षरे आधी कापून जतन केली आणि मगच धातू वितळवला, ही काळजी मला फार मोलाची वाटते. न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला अतिहलका कण) स्वतःचाच प्रतिकण असल्याचा पुरावा देणारा, इथे शोधला जाणारा न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय (अणुकेंद्रातून न्यूट्रिनोंशिवाय फक्त दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडणे) होत असलाच, तर जर्मेनियम-76 मध्ये त्याचे अर्धायुष्य 10 च्या 26 व्या घाताइतक्या वर्षांहून अधिक आहे, असे गेर्डा प्रयोगाने दाखवले आहे; इतक्या दुर्मिळ घटनेच्या शोधात मूठभर खोट्या नोंदीही निकाल झाकोळून टाकू शकतात.