मदत हवी आहे: कोकमाच्या आइसकांडीचा रंग आणि गोडी चोखून निघून जाते, मागे पांढरा बर्फ उरतो

नमस्कार मंडळी,

कोकमाची आइसकांडी ज्यांना घरी नीट जमते त्यांनी कृपया तपशीलवार सांगा. माझी कांडी दिसायला सुरेख होते, गडद लालजांभळी. पण मुलं दोन-चारदा चोखतात आणि वरचा सगळा भाग पांढरा पडतो. आंबटगोड सगळं आधीच पोटात जातं आणि हातात बेचव, दगडासारखा बर्फ उरतो. धाकटी मंडळी तिथेच ती टाकून देतात.

आम्ही कुडाळकडचे. परसात रातांबे (कोकमाची फळं) आहेत, त्यामुळे अमृत कोकम घरचंच. पिकलेल्या रातांब्यांच्या वाट्या करून साखरेचे थर देत बरणी भरायची आणि उन्हात ठेवायची, नेहमीची पद्धत. पाक छान दाट सुटतो. कांडीसाठी मी तो सरबताइतकाच पातळ करते: एक वाटी पाक, पाच वाट्या पाणी, चिमूटभर मीठ आणि जिऱ्याची पूड. मग स्टीलच्या उभट पेल्यांत भरून, वर फॉइल लावून, त्याला चीर देऊन काडी उभी करते. फ्रीज साधा एकदारी आहे, वरच्या कप्प्यात बर्फाचा थर धरणारा. पेले गोठायला अख्खी रात्र जाते.

आंब्याच्या कांड्यांना यातलं काहीच होत नाही. पायरीचा रस नुसता भरला तरी कांडी शेवटपर्यंत पिवळी राहते आणि दातांनी सहज तुटते. कलिंगडाची मात्र कोकमासारखीच कडक आणि फिकी होते. म्हणजे दोष फ्रीजचा नसून मिश्रणाचा असावा असं वाटतं.

मे महिन्यात नणंदेची, जावेची मुलं घरी असतात. गारेगारवाला आला की सगळी त्याच्या गाडीकडे धावतात. तो बर्फ कुठल्या पाण्याचा आणि तो रंग कुठला, हे कुणालाच ठाऊक नसतं. दारात रातांब्यांचा सडा पडलेला असताना मुलांनी ते चोखावं हे मला मनापासून खटकतं. म्हणून हे जमायलाच हवं आहे.

मला विचारायचंय ते असं. साखर वाढवावी का, आणि वाढवली तर किती? सब्जा किंवा तवकील (अरारूटचं पीठ) घातली तर रंग धरून राहील का? अमृत कोकमाऐवजी आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस) वापरलं तर? घरात सासूबाईंच्या वेळचे कुल्फीचे अ‍ॅल्युमिनियमचे साचे आहेत, ते चालतील का? आणि आमच्याकडे दुपारी वीज जाते, तेव्हा अर्धवट वितळलेल्या कांड्यांचं काय करायचं?

रंग किंवा तयार पावडरी मात्र सुचवू नका.

रानमेवा
ताई, तुमचा अंदाज बरोबर आहे. पाणी गोठताना त्याचे स्फटिक शुद्ध पाण्याचेच बनतात. साखर, आंबटपणा, रंग हे सगळं स्फटिकांच्या मधल्या फटींत ढकललं जातं आणि तिथे दाट पाक होऊन बसतं. हा पाक घरच्या फ्रीजरमध्ये पूर्ण गोठत नाही. कांडी चोखली की तोच आधी ओढला जातो आणि स्फटिक मागे राहतात. गोठायला जितका जास्त वेळ, तितके स्फटिक मोठे आणि फटी रुंद. तुमच्याकडे अख्खी रात्र लागते, त्यामुळे हे ठळक दिसतं.

आंबा वाचतो तो गरामुळे. त्यात तंतू आणि पेक्टिन (फळातला दाटपणा आणणारा घटक) असतं, ते पाणी धरून ठेवतं. शिवाय पिकलेल्या आंब्यात मुळातच शेकडा १५ ते २० साखर असते. कलिंगडात जेमतेम ८ ते १० आणि बाकी बहुतेक पाणीच. कोकमाच्या सरबतात तर गर नावालाही नाही.

साखरेचा हिशोब असा. अमृत कोकमाच्या दाट पाकात वजनाने साधारण दोन तृतीयांश साखर धरा. एकास पाच पाणी घातलं की मिश्रणात ती शेकडा १३च्या आसपास येते. प्यायला ठीक, कांडीला कमी. एकास तीन करा, म्हणजे २०च्या जवळ जाईल. चाखल्यावर जरा जास्तच गोड लागायला हवं, कारण गारठ्यात जिभेला गोडी कमी कळते. साखरेमुळे कांडी मऊही होते. पण फार पुढे जाऊ नका, नाहीतर घरच्या फ्रीजरमध्ये ती घट्टच होणार नाही.

तिरफळ
साखरेने कडकपणा जाईल, रंग धरून ठेवायला मात्र दाटपणा लागतो. मी तवकील वापरते. दोन वाट्या मिश्रणाला सपाट चमचाभर. ती आधी साध्या पाण्यात कालवून, शिजवून, पारदर्शक झाली की पूर्ण गार करायची आणि मग त्यात कोकम मिसळायचं. कोकमातच शिजवू नका, आंबटात उकळलं की खळ सैल पडते. बाजारात तवकील म्हणून पुष्कळदा कॉर्नफ्लोअर देतात, त्याने थोडी पिठूळ चव येते, म्हणून खात्रीच्या ठिकाणची घ्या.

सब्जाही चांगला. भिजवून फुलला की घाला, दाण्याभोवतीचा बुळबुळीत थर पाणी धरतो. मुलांना ते दाणे आवडतात, पण अगदी लहानांना देऊ नका.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती कैरी घातलेली. उकडलेल्या कैरीचा गर पन्ह्याला काढतो तसा काढून गाळायचा आणि कोकमात एकास एक घालायचा. साखर चव बघून वाढवा. कैरीच्या गरामुळे कांडी शेवटपर्यंत रंग सोडत नाही आणि दातांना लोण्यासारखी लागते.

आगळ मी टाळेन. त्यात मीठ भरपूर असतं. गोड कांडीत ते खुपतं आणि मिठाने गोठणंही लांबतं.

फणसगरा
अ‍ॅल्युमिनियमचे साचे कोकमाला नको. आंबट आणि मीठ दोन्ही त्या धातूला लागतं, चव बिघडते. दुधाच्या कुल्फीसाठी ते जपून ठेवा. स्टीलचे पेलेच उत्तम, फक्त अरुंद घ्या. रुंद पेल्यात कडा आधी गोठतात आणि सगळा पाक मधे काडीभोवती जमतो.

लवकर गोठवायचं असेल तर कुल्फीवाल्यांची जुनी रीत करा. तीन भाग फोडलेला बर्फ, एक भाग जाडं मीठ, मोठ्या डब्यात किंवा माठात. हे मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं, उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. पेले त्यात गळ्यापर्यंत रोवा, तोंड नीट बांधा, खारं पाणी आत जाता कामा नये. कांडी घट्ट झाली की फ्रीजरमध्ये हलवा. एवढा खटाटोप नको असेल तर मिश्रण आधी फ्रीजमध्ये खूप गार करा, मग पसरट डब्यात अर्धवट गोठवून काट्याने ढवळा आणि तो गोळा पेल्यांत दाबून भरा. स्फटिक बारीक राहतात.

विजेचं म्हणाल तर कांड्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, डब्याला जाड फडकं गुंडाळा आणि वीज नसताना दार उघडू नका. मऊ पडलेल्या कांड्या पुन्हा गोठवल्या तर स्फटिक आणखी मोठे होतात, त्यापेक्षा त्यांचं सरबत करून लगेच पिऊन टाका. कुणी सोलकढीसारखा नारळाचा रस घालून केल्या असतील आणि त्या वितळल्या, तर मात्र टाकूनच द्या.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. एकास पाच हे प्रमाण मी सरबताच्या सवयीने घेत होते, त्याचा कांडीशी असा संबंध असेल हे माहीत नव्हतं. आज रात्री अर्धे पेले एकास तीन आणि तवकीलवाले, अर्धे कैरीचा गर घालून लावते. बर्फ-मिठाचं रविवारी मुलांना सोबत घेऊन करेन, त्यांनाही बघायला मजा येईल.

एक राहिलं. सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांनाही कांडी हवी असते. साखर कमी केली की दगड होणार हे आता कळलं. तिरफळताई, नुसत्या कैरीच्या गरात तवकील आणि जिरं-मीठ घालून, साखर अगदी नावापुरती, अशी कांडी मऊ राहील का? की त्यांना किसून वाटीतच द्यावी?