बीबीसी स्कॉटलंड, २०१९: चॅनेल दिलं की तोंडाला पानं पुसली?

ग्लासगोकर:
२४ फेब्रुवारी २०१९ ला संध्याकाळी सातला बीबीसी स्कॉटलंड हे नवं चॅनेल सुरू झालं. वर्षाचं बजेट ३ कोटी २० लाख पौंड. पण मागणी चॅनेलची नव्हतीच! १९९९ पासून इथलं आरोग्य आणि शिक्षण एडिनबराच्या संसदेकडे आहे, तरी सहाच्या मुख्य बातम्या लंडनहून येतात. २०१६ मध्ये इंग्लंडचे ज्युनियर डॉक्टर संपावर गेले. स्कॉटलंडमध्ये संप नव्हता, पण सहाला आम्ही तोच बघत बसलो. साडेसहाला 'रिपोर्टिंग स्कॉटलंड' लागलं की मग आमच्या बातम्या.

म्हणून नव्वदच्या दशकापासून लोक म्हणत होते की सहाला तासभराचं एकच बातमीपत्र ग्लासगोहून द्या, जगाचं आणि इथलं एकत्र. २०१७ मध्ये बीबीसीने ते नाकारलं आणि बदल्यात नव्या चॅनेलवर रात्री नऊला 'द नाइन' हे बातमीपत्र दिलं. म्हणजे वरातीमागून घोडं.

लीथची_सून:
अहो, बातम्यांपलीकडे काही बघता की नाही? 'गिल्ट' ही मालिका आठवतेय? दोघं भाऊ रात्री गाडीतून येताना एका म्हाताऱ्याला उडवतात आणि मग एक खोटं झाकायला दुसरं. सगळं एडिनबरा-लीथमध्ये घडतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते आधी या चॅनेलवर आलं, मग बीबीसी टूवर. लंडनच्या दारात वर्षानुवर्षं ताटकळायला न लागता इथल्या लेखकाला जागा मिळाली, हे कमी आहे का?

खवचट_खान:
ताई, एक 'गिल्ट' म्हणजे चॅनेल नव्हे. पहिल्या रात्री गर्दी कशाला झाली? 'स्टिल गेम' या विनोदी मालिकेला! त्यातले जॅक आणि व्हिक्टर हे म्हातारे २००२ पासून बीबीसीवर होतेच. आयतं घरचं गिऱ्हाईक नव्या दुकानात नेऊन बसवलं. २८ मार्चला मालिका संपली, मग पुढे? निम्मे तास रिपीट चालतील ही परवानगी तर आधीच घेतलेली.

लीथची_सून:
संध्याकाळी सात ते बारा चालणाऱ्या चॅनेलकडून ३२ मिलियनमध्ये अजून काय हवंय? आणि बातम्यांसाठी ८० नव्या पत्रकारांच्या जागा जाहीर झाल्या, त्याचं काय? स्वतंत्र स्कॉटलंडवाले म्हणतात लंडनचं पिल्लू, ब्रिटनमध्येच राहू म्हणणारे युनियनवाले म्हणतात हे राष्ट्रवाद्यांचे लाड. दोन्हीकडून शिव्या खाणारं चॅनेल मला तरी बरं वाटतं.

हेब्रिडीज_वारा:
गेलिक या इथल्या जुन्या भाषेवाल्यांची कोणी आठवण काढेल का? बीबीसी अल्बा हे गेलिक चॅनेल २००८ पासून आहे. लोक तिथे फुटबॉल बघायला येतात, समालोचन गेलिकमध्ये, अक्षर कळत नाही तरी बघतात. नव्या चॅनेलच्या गाजावाजात अल्बाचं नाव कुठे होतं? असो. तुमचं भांडण चालू द्या.

खवचट_खान:
ग्लासगोकर, तुमच्या तासभराच्या बातम्यांबद्दल. एसटीव्ही या इथल्या खासगी कंपनीच्या एसटीव्ही टू चॅनेलने २०१७ मध्ये संध्याकाळी सातला अर्ध्या तासाचं असंच बातमीपत्र आणलं होतं: स्कॉटलंड, ब्रिटन, जग, सगळं एकत्र. जून २०१८ अखेर चॅनेललाच कुलूप. त्यानंतर आठ महिन्यांत बीबीसीने तेच दुकान रात्री नऊला उघडलं, लायसन्स फीच्या, म्हणजे टीव्हीसाठी लोकांनी भरलेल्या पैशांनी. २०२४ मध्ये 'द नाइन' गुंडाळायचं जाहीर केलं आणि पर्याय कोणता? सातला अर्धा तास!

ग्लासगोकर:
मग मी काय वेगळं म्हणतोय? एसटीव्ही टू किती जणांना माहीत होतं? लोकांची बोटं सवयीने बीबीसी वन या मुख्य चॅनेलकडे जातात आणि त्याच चॅनेलवर सहाला हा प्रयोग एकदाही कोणी करून बघितलेला नाही. कोपऱ्यातल्या चॅनेलवर अवेळी लावायचं आणि नंतर म्हणायचं, बघा, कुणालाच नको होतं!

लीथची_सून:
सहाला लावलं आणि तरी लोकांनी लंडनच्याच बातम्या मागितल्या तर? तेव्हा कोणाच्या नावाने बोटं मोडणार?