नाल्याच्या पाणलोटात गावाचा गट उभा करायचा आहे. सुरुवात तलावाच्या गाळापासून करावी की कागदांपासून?

कन्हानकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. आमचे गाव मौदा तालुक्यात आहे. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड टेकाड, त्याखाली कापूस-तुरीची वावरे, मग एक जुना मालगुजारी (म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांकडचा) तलाव आणि तलावाखाली धानाच्या बांध्या अशी सगळी उतरण आहे. तलावाचा सांडवा ज्या नाल्यात पडतो, तो नाला पुढे चार-पाच किलोमीटरवर कन्हान नदीला मिळतो. मी नोकरीनिमित्त नागपुरात राहतो, शेती धाकटा भाऊ पाहतो, आणि दर शनिवार-रविवारी गावी गेल्यावर एकच गाऱ्हाणे ऐकू येते, ते म्हणजे तलाव निम्मा गाळाने आणि उरलेला बेशरम या पाण्यात माजणाऱ्या झुडपाने भरला आहे. वडिलांच्या काळी अक्षय तृतीयेपर्यंत गुरांना तिथे पाणी मिळत असे. आता फेब्रुवारीतच तळाला भेगा पडतात. शिवाय नाल्याचा काठ दर पावसाळ्यात ढासळतो आणि कोणाच्या ना कोणाच्या धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) लचका घेऊन जातो.

गावातील पंधरा-सोळा जण काम करायला तयार आहेत. ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यांनी ‘लँडकेअर’ नावाने असे गट उभे केल्याचे वाचनात आले, तो नमुना आपल्याकडे लागू पडेल का? गटाची नोंदणी कोणत्या कायद्याखाली करावी? एक जण उन्हाळ्यात पोकलेन मशीन मिळवून देतो म्हणतो, तेव्हा गाळ आधी काढून घ्यावा आणि बाकीचे मागाहून पाहावे, असे अनेकांचे मत आहे. तलावाच्या वर थोडे झुडपी जंगलही आहे, त्यात झाडे लावता येतील का, हेही सांगावे.

पाणलोट

मृद्‌संधारणाच्या कामात माझी नोकरीची बरीच वर्षे गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

लँडकेअरचा पहिला गट १९८६ साली व्हिक्टोरिया राज्यात सेंट अर्नॉड या गावाजवळ स्थापन झाला. त्या वेळच्या राज्य सरकारमधील मंत्री जोन कर्नर आणि तिथल्या शेतकरी संघटनेच्या अध्यक्षा हेदर मिचेल या दोघींनी तो विचार पुढे नेला, आणि १९८९ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी मरे आणि डार्लिंग या नद्यांच्या संगमावरील वेंटवर्थ येथे लँडकेअरचे दशक जाहीर केले. ही झाली हकिगत. आपल्याला त्यामागचे कारण अधिक उपयोगी आहे. त्या खोऱ्यात खोल मुळांची मूळची झाडे तोडून गहू आणि कुरणे केल्यावर पावसाचे जे पाणी पूर्वी झाडे शोषून घेत, ते जमिनीत मुरू लागले, भूजल वर आले आणि त्याबरोबर जमिनीच्या पोटातले मीठही वर आले. गंमत अशी की पाणी मुरत होते एकाच्या उंचवट्यावरील शेतात आणि मीठ फुटत होते खालच्या शेजाऱ्याच्या सखल शेतात. स्वतःच्या कुंपणाच्या आत कितीही मेहनत केली तरी खालच्याचा प्रश्न सुटत नव्हता, म्हणून कुंपणापलीकडच्या माणसाशी बसून बोलणे भाग पडले. लँडकेअरचा गाभा एवढाच आहे, आणि तो तुमच्या नाल्याला जसाच्या तसा लागू पडतो: गाळ वरच्या कापसाच्या वावरातून येतो, तलाव मधल्या गावाचा भरतो, आणि पाणी कमी पडते ते खालच्या धानाला. तुमच्या पंधरा-सोळा जणांत वरच्या वावरांचे मालक किती आहेत, हे आपण लिहिलेले नाही. एकही नसेल, तर तो गट पाणलोटाचा नाही, फक्त तलावाचा आहे.

न जुळणारी गोष्टही सांगतो. तिथल्या शेतकऱ्याची शेकडो हेक्टर जमीन एकाच कुंपणात आणि स्वतःच्या नावावर असते, त्यामुळे त्याने ठरवले की काम होते. आपल्याकडे माणशी दोन-चार एकर, आणि खरा बिघाड तलाव, नाला, गायरान, झुडपी जंगल अशा सामाईक जागांत. त्या कोणाच्या नावावर आहेत, हे पाहिल्याशिवाय कुदळ मारता येत नाही.

पाणलोटाच्या कामासाठी नावाजलेल्या हिवरे बाजारची नक्कल करू नये, असेही सुचवतो. त्या गावाचे काम मोठे आहे यात शंका नाही, पण तिथला पाऊस साधारण चारशे मिलिमीटर आणि नागपूरकडचा हजाराच्या वर. कमी पावसाच्या, हलक्या जमिनीत पाणी जागीच अडवणारे समपातळी बांध चालतात. भारी काळ्या जमिनीत आणि आपल्या पावसात तेच बांध पाणी तुंबवतात, पीक पिवळे पडते आणि एखाद्या रात्री बांध फुटून होती त्यापेक्षा मोठी घळ पडते. येथे किंचित उतार दिलेले बांध घालून जादा पाणी गवत राखलेल्या चरीतून सावकाश नाल्यात सोडावे लागते. समतल चर खोदायचे तर ते मुरमाड टेकाडावर. नाल्याच्या ढासळत्या काठावर दगडी पिचिंगचा खर्च करण्याआधी वाळा आणि बांबू लावून पाहा. पाण्याच्या रेषेलगत अर्जुन, करंज, जांभूळ ही मंडळी चांगली टिकतात.

चुलबंदचा किनारा

पाणलोट सरांनी मातीचे सांगितले, मी तलावाचे सांगतो. माझे गाव गोंदिया जिल्ह्यातले, सध्या मुक्काम नागपूर.

आमच्या भागात गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने हे तलाव बांधले, पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. आज लहान तलाव बहुधा जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे असतात. मालकी गेली तशी दरवर्षी पाळ (तलावाचा मातीचा बांध) बुजवण्याची आणि पाट झाडण्याची गावकीही गेली, आणि माझ्या मते तलाव गाळापेक्षा त्यामुळे अधिक मेले. मात्र लोकांचे निस्ताराचे, म्हणजे सामाईक वापराचे, हक्क कागदावर शिल्लक राहिले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ खाली निस्तारपत्रक आणि कलम १६५ खाली वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. सरपण, चराई, पाणी, मासेमारी, वाट यांविषयी गावाची वहिवाट काय, हे त्यांत नोंदलेले असते. तुमच्या गावाच्या या दोन कागदांच्या नकला आधी काढा. नोंदणीचा प्रश्न त्यानंतरचा आहे, कारण नोंदणीकृत संस्थेला तलावावर आपोआप कोणताही हक्क मिळत नाही, तर ग्रामसभेच्या ठरावाला वजन असते. खालच्या धानकऱ्यांना पुढे पाणीवाटप स्वतःकडे घ्यायचे असेल, तर २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याखाली पाणी वापर संस्थेचा विचार करता येईल.

आपल्या प्रश्नात एक समाज कुठेच दिसला नाही, तो म्हणजे धीवर. मौद्याकडेही तलावांत मासे आणि शिंगाडा यांवर जगणारी घरे आहेत. धानकऱ्याला ऑक्टोबरात लोंबी भरताना तलाव रिकामा झाला तरी चालतो, उलट मासेमाऱ्याला उन्हाळ्यापर्यंत पाणी हवे असते. हा झगडा मशीन येण्याआधी मिटवावा लागतो. तसेच पोकलेनने तळ सरसकट सपाट खरवडणे हे मासळीच्या मुळावर येते. पावसाळ्याच्या तोंडी मासे सांडव्यावरून चढून काठच्या उथळ, गवताळ पाण्यात अंडी घालतात, आणि ती उथळ पट्टीच खोदली तर पुढे विकतचे मत्स्यबीज सोडत बसावे लागते. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाबरोबर धीवर मंडळींनी, विशेषतः स्त्रियांनी, बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. ते काम एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावे. बेशरम कापून तिथेच टाकू नये, कांडीचा तुकडासुद्धा ओल मिळताच फुटतो.

गाळाविषयी इतकेच की ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे, तिचा लाभ घ्यावा. पण चिकण थर संपून मुरूम लागला की थांबावे, अन्यथा तलाव गळू लागेल. पाळीच्या पायथ्याशी तर मुळीच खोदू नये. तो गाळ वरच्या मुरमाड वावरांत गेला तर सोन्यासारखा, आधीच भारी असलेल्या जमिनीत नेऊन काही साधत नाही. वरचे शेतकरी गटात आणण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी माहीत नाही.

उमरेड रोड

भाऊ, वरचे दोन्ही प्रतिसाद योग्य आहेत, मी फक्त आमचा अनुभव लिहितो. आमच्याकडे आधी मशीन आले आणि बैठक नंतर झाली. एका संस्थेच्या निधीतून वीस दिवसांत तलाव खोल झाला, फोटो निघाले, भाषणे झाली. गाळ कोणी किती नेला याची वही कोणी ठेवली नाही, आणि ज्यांच्याकडे ट्रॅक्टर होते त्यांच्याच शेतात तो गेला. नाल्याकाठी लावलेली रोपे धानकापणीनंतर मोकाट सुटलेल्या गुरांनी महिनाभरात संपवली, कारण गावच्या गुराख्याला कोणी विचारलेच नव्हते. पहिल्या वर्षी मासे चांगले निघाले आणि त्या पैशांवरून गट फुटला. मीही त्या गटाचा पदाधिकारी होतो, त्यामुळे दोष दुसऱ्यावर ढकलत नाही. वहीत तीन ओळी आधी लिहून ठेवल्या असत्या, तर पुढची दोन वर्षे आम्ही एकमेकांशी अबोला धरला नसता.

पाणलोट

झुडपी जंगलाचे उत्तर राहिले होते. नागपूरसह पूर्व विदर्भात महसुली कागदांवर ही नोंद आढळते, आणि २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या जमिनी वनजमिनी समजाव्यात असे म्हटले आहे. म्हणून तिथे खड्डे खोदण्यापूर्वी वनविभागाशी पत्रव्यवहार करावा. बहुतेक वेळा लागवडीची गरजही नसते. दोन-तीन पावसाळे चराई आणि तोड थांबवली की बुंध्यांना फुटवे येतात आणि खालचे गवत माती धरून ठेवते. वनहक्क कायदा, २००६ खाली सामूहिक हक्काचा मार्गही आहे, मात्र बिगर आदिवासी गावाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास आणि वनावरील अवलंबन दाखवावे लागते. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) या आदिवासी गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. त्याआधी कित्येक वर्षे त्या गावात अभ्यासगट चालत होता आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने होत होते. लोक हक्काचा आकडा सांगतात, अभ्यासगटाचे सांगत नाहीत.

कन्हानकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. कबूल करतो की आमच्या पंधरा-सोळा जणांत वरच्या वावरांचे फक्त दोन मालक आहेत, धीवर समाजाचा एकही माणूस नाही, आणि गुराखी आम्हाला आठवलाच नाही. या रविवारी तलाठी कार्यालयातून मिळालेली वाजिब-उल-अर्जची नकल भावाने वाचून दाखवली. तलावाच्या काठाने गुरांना पाण्यावर नेण्याची एक वाट त्यात नोंदलेली आहे. आज त्या वाटेवर आमचाच धुरा सरकलेला आहे. हे आधी निस्तरावे लागेल असे दिसते. मशीनवाल्यांना या उन्हाळ्यापुरते थांबायला सांगितले आहे. एक शंका उरते: धानकरी आणि मासेमारे यांच्यात पाण्याची पातळी ठरवायची, तर ती कशी ठरवावी?

चुलबंदचा किनारा

आकड्यांत ठरवू नका, कोणाच्या लक्षात राहत नाही. दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्या माणसांना ऑक्टोबरात तलावावर न्या आणि पाणी कुठवर उतरले की मासे दाटतात, हे मासेमाऱ्यांनाच दाखवू द्या. तेथे तुडुमाच्या (तलावातून पाणी सोडण्याच्या मोरीच्या) दगडावर छिन्नीने खूण करून घ्या, आणि त्या खुणेखाली तुडूम उघडायचे नाही असा ठराव ग्रामसभेत मांडा. पाऊस कमी झालेल्या वर्षी खूण किती खाली सरकवता येईल, हेही त्याच ठरावात लिहा, कारण भांडण नेमके त्याच वर्षी होते.