गॅस हा ‘पूल’ असेल, तर अंजनवेलला येऊन बघा

गुहागरकर: काल इथे एकाने लिहिलं, “नैसर्गिक वायू हा कोळशाकडून सौरऊर्जेकडे नेणारा पूल आहे. 2030 पर्यंत देशाच्या ऊर्जेत त्याचा वाटा 15 टक्के व्हायलाच हवा.” वाचून झोप उडाली. या पुलाचा एक खांब आमच्या अंजनवेलला उभा आहे, दाभोळचा वीज प्रकल्प. 1999 मध्ये एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, तोही गॅसवर नाही, नाफ्थ्यावर, म्हणजे खनिज तेलापासूनच्या द्रव इंधनावर. वीज इतकी महाग की 2001 मध्ये राज्य वीज मंडळाने घेणंच थांबवलं, आणि त्याच डिसेंबरात एन्रॉनचं दिवाळं वाजलं. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्या प्रकल्प चालवायला पुढे आल्या. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस घटला आणि 2013 मध्ये जवळजवळ 2,000 मेगावॅटचा प्रकल्प ठप्प. दरवेळी घोडं अडलं ते इंधनापाशी.

जुना डिस्पॅचवाला: एन्रॉनचं रडगाणं किती वर्षं? तो करार वाईट होता: दर डॉलरशी बांधलेला, वीज उचला नाहीतर पैसे भरा. त्यात गॅसचा काय दोष? पुढे त्याच प्रकल्पातून रेल्वेला वीज गेलीच ना! मी 22 वर्षं लोड डिस्पॅचला काढली, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा जुळवण्यात. दिवेलागणीला सौर वीज शून्यावर येते आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. थंड पडलेला कोळशाचा संच पेटवायला कित्येक तास लागतात, गॅस टर्बाइन अर्ध्या तासात हाताशी येतं. धूरही कोळशाच्या निम्मा.

गुहागरकर: निम्मा धूर चिमणीपाशी. विहिरीपासून नळीपर्यंत गळणारा मिथेन, म्हणजे मुळात हाच गॅस, कोण मोजणार? 20 वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून जास्त तापवतो. आणि उरणचा 672 मेगावॅटचा गॅस वीज प्रकल्प तरी कधी पूर्ण क्षमतेने चालतो? गॅसच पुरत नाही.

तीनचाकी_ठाणे: तुमचं मेगावॅट राहू द्या, माझं ऐका. 2022 च्या एप्रिलात राज्याने सीएनजीवरचा व्हॅट 13.5 वरून 3 टक्के केला, मुंबईत सीएनजी 60 रुपये किलो झाला. आम्ही पेढे वाटले. नोव्हेंबरात तोच 89.50! युद्ध युक्रेनमध्ये, एलएनजीची, म्हणजे द्रवरूप गॅसची, जहाजं मिळेल त्या भावाने युरोपने पळवली, आणि चटका आम्हाला. निम्मा गॅस बाहेरून आणायचा म्हटल्यावर असंच होणार. रात्री दोनला पंपाच्या रांगेत झोपतो मी.

शून्यधूर: मग इलेक्ट्रिक रिक्षा घ्या ना दादा. रांग नाही, भाववाढ नाही.

तीनचाकी_ठाणे: घ्या म्हणे! चालू रिक्षाचे अजून 14 हप्ते बाकी आहेत, ते तुम्ही भरता? चाळीत मीटर घरमालकाचा, चार्जिंगला वायर सोडली तर तो भांडायला उठतो.

शून्यधूर: माझा मामा कल्याणला वर्षभर चालवतोय, रोजचे दोनशे तरी वाचतात त्याचे.

तीनचाकी_ठाणे: मामाचं स्वतःचं घर असेल. माझं नाही. फुकटचे सल्ले देऊ नका.

शून्यधूर: घर त्याचं आहे, खरंय. चाळीत अवघड आहे, मान्य. पण म्हणून रांगेतच जन्म काढणार?

गुहागरकर: भांडू नका. गॅस पुरत नाही म्हणतो ते याच दादांच्या रांगेमुळे. संध्याकाळच्या विजेला घाटघरचा जलविद्युत प्रकल्प आहे. 250 मेगावॅट, 2008 पासून. रात्री पाणी वर चढवतात, गरजेला सोडतात. आता दुपारच्या सौर विजेने चढवा. असे दहा बांधा.

जुना डिस्पॅचवाला: घाटघरने मला अनेकदा तारलंय, तेवढं देतो तुम्हाला. पण दहा बांधायला जमीन, परवानग्या, वर्षं लागतात. तोवर? बरं, नवा गॅस प्रकल्प नको म्हणा. आहेत ते भंगारात काढू नका, एवढं तरी कबूल करा.

गुहागरकर: उरण ठेवा. अंजनवेलसाठी गॅस कुठल्या भावाने आणणार आणि तो कोणाच्या बिलात घालणार, ते आधी सांगा.