मदत हवी आहे: शेती फीडरच्या सौर अभ्यासात विहिरीचं पाणी कसं धरायचं?

नमस्कार. मी एम.टेक. करतोय. प्रबंधाचा विषय आहे शेतीच्या ११ केव्ही फीडरला (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीला) सौर प्रकल्प जोडल्यावर व्होल्टेजचं काय होतं आणि वीज उलटी, म्हणजे उपकेंद्राकडे, कधी वाहते. फीडर बीड जिल्ह्यातला आहे. पंपांच्या भाराच्या मॉडेलपाशी गाडी अडली आहे, जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ची, तिची २.० आवृत्ती २०२३ची. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीला दिवसा वीज द्यायची, ही कल्पना मला मनापासून पटते. रब्बीत रात्री दोनला गव्हाला पाणी धरणं काय असतं, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. परळीचं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवायची वेळही आपण पाहिली आहे. सौर प्रकल्पाला पॅनेल धुण्यापुरतंच पाणी लागतं. २०२१ साली ग्लासगोत देशाने २०७० पर्यंत नेट झिरोचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यातलं शेतीच्या विजेचं गणित अशाच फीडरवर सुटायचं आहे, म्हणून ते कच्चं राहू नये असं वाटतं.

अडचण अशी. मी वाचलेल्या बऱ्याच शोधनिबंधांत आयईईईची ३३ बस प्रणाली, म्हणजे ३३ जोडबिंदूंचं नमुना जाळं, घेतात (१२.६६ केव्ही, ३.७१५ मेगावॅट) आणि पंपांचा भार दिवसभर सारखा किंवा उन्हाबरोबर चढता-उतरता धरतात. आमच्याकडे तसं नाही. रब्बीत लाईट आली की फीडर लगेच गच्च होतो, कारण बहुतेक स्टार्टरना ऑटो स्विच (लाईट येताच मोटार आपोआप सुरू करणारे) लावलेले. दोन-तीन तासांत विहिरी उपसतात. काळ्या पाषाणातल्या विहिरी, झरे बारीक. फुटव्हॉल्व्ह (पाण्यात बुडलेल्या पाइपच्या टोकाची झडप) उघडा पडायच्या आत मोटार बंद करावीच लागते, मग पाणी साठेपर्यंत थांबायचं. म्हणजे ऊन डोक्यावर असताना भार उतरलेला. एप्रिल-मेमध्ये ऊन सर्वांत कडक आणि विहिरी कोरड्या. पावसाळ्यात मोटारी बंदच, पण ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की सोयाबीनला तुषार लावायला सगळे पुन्हा एकदम.

हाताने हिशोब केला. रॅबिट तारेचा (फीडरच्या ॲल्युमिनियम तारेचा एक प्रकार) रोध किलोमीटरला साधारण ०.५५ ओहम. उपकेंद्रापासून ५ किमीवर प्रकल्प जोडला आणि भार नसताना १ मेगावॅट उलटं आलं, तर व्होल्टेज सुमारे २५० व्होल्टने, म्हणजे २.३ टक्क्यांनी चढतं. २ मेगावॅटला ४.५ टक्के. वरची मर्यादा ६ टक्के. सकाळच्या भारासाठी ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय) आधीच वर ठेवलेला असेल तर मर्यादा सहज ओलांडली जाईल. प्रकल्प उपकेंद्राच्या बसवरच (सगळे फीडर जिथून निघतात त्या मुख्य पट्टीवर) जोडला तर फीडरवरचा हा चढ टळतो, पण उरलेली वीज ट्रान्सफॉर्मरमधून ३३ केव्हीकडे जाते, आणि शेजारच्या उपकेंद्रांतूनही त्याच दुपारी तेच होत असणार.

माझ्याकडे लॉगबुकातले दर तासाचे अँपिअर आहेत. तेवढ्यावर वर्षभराचा भार बांधणं योग्य ठरेल का? पंप स्थिर पॉवरचा धरू (व्होल्टेज बदललं तरी तेवढीच वीज ओढणारा) की स्थिर इम्पिडन्सचा (व्होल्टेजबरोबर कमी-जास्त ओढणारा)? आणि विहिरीतल्या पाण्याशी भार जोडायला काही मार्ग आहे का?

प्रतिसाद १
लॉगबुकावर थांबू नका. फीडरच्या इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये १५ किंवा ३० मिनिटांचा लोड सर्व्हे (भाराची नोंद) साठतो, तो रीतसर अर्ज करून मागा. ऑटो स्विचचा सुरुवातीचा झटका त्यातही दिसणार नाही. त्यासाठी एखाद्या डीपीवर (शेतातल्या ट्रान्सफॉर्मरवर) नोंद यंत्र लावायला परवानगी घ्या. मोटारीचं म्हणाल तर सेंट्रिफ्यूगल पंपाची सक्रिय पॉवर (प्रत्यक्ष काम करणारी) व्होल्टेज बदललं तरी फारशी हलत नाही. रिॲक्टिव्ह पॉवर (मोटारीचं चुंबकीय क्षेत्र टिकवणारी) मात्र व्होल्टेजबरोबर झपाट्याने वाढते. दोन्ही वेगळे धरा. शिवाय ५ एचपी म्हणजे ३.७३ किलोवॅट हे शाफ्टवरचे. मोटार त्याहून जास्त ओढते, पुन्हा गुंडाळलेली असेल तर आणखीच. पाण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची पातळी पाहा. वर्षातून चारदा मोजतात. पातळी आणि महिन्याचे युनिट शेजारी मांडून बघा. ओपनडीएसएस हे वीजजाळ्याचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सबंध वर्ष चालवा. एका दिवसाच्या आलेखात तुमचा मुद्दा दिसायचाच नाही.

प्रतिसाद २
मी शेतकरी आहे, इंजिनिअर नाही. एक सांगतो, सगळ्या विहिरी एका मापाने मोजू नका. पाटाखालच्या (कालव्याच्या लाभक्षेत्रातल्या) विहिरींना पाट सुटला की दिवसभर पाणी असतं, माळावरच्या दोन तासांत खडखडाट. एकाच फीडरवर दोन्ही असतात. मंजूर भार ३ एचपी आणि बसवलेली मोटार ५ची, हेही सर्रास आहे. कागदावरून भार काढाल तर फसाल. ज्याच्याकडे शेततळं आहे तो दुपारी विहिरीतून तळ्यात पाणी ओढून ठेवतो. आमच्याकडे आता हे बरंच वाढलंय.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. पाटाखालच्या आणि माळावरच्या डीपी वेगळ्या करून दोन गट धरतो. लोड सर्व्हेसाठी अर्ज सोमवारी देतो. दादा, शेततळ्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. दुपारची जास्तीची वीज त्यात जिरू शकते, पण भूजल आणखी खाली जाईल का, हे पाहिल्याशिवाय मी ते उपाय म्हणून लिहिणार नाही. तुमच्या भागात तळी कोणत्या महिन्यांत भरतात आणि त्या वेळी मोटार सलग किती तास चालते, एवढं सांगाल का?