मदत हवी आहे: जुन्या लाद्यांवर टाइल्स, की उखडून?

रत्नागिरीजवळ चिऱ्याचं बैठं घर, ओटी-माजघर मिळून 400 चौरस फूट, खाली जुनी शहाबादी. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स घेणार. बॉक्समध्ये 16 चौरस फूट म्हणजे 25 बॉक्स. तूटफूट आणि चार इंची स्कर्टिंग धरून 30. हा हिशोब जमला, अडलंय बाकीच्यावर.

पाण्याच्या नळीने लेव्हल बघितली, ओटीच्या कोपऱ्यात दीड इंच उतार आहे. माजघरात भिंतीकडच्या 10-12 लाद्या पोकळ वाजतात. प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवला, तर सकाळी आतून दव धरलेलं. म्हणून वरून ॲडहेसिव्हने बसवायला मन धजत नाही. शिवाय दारं खालून तासावी लागतील आणि उंबरठा बुडेल, ते वेगळंच.

उखडायचं तर टेम्पो पाणंदीच्या तोंडापर्यंतच येतो. तिथून डबर, रेती, टाइल्स सगळी ने-आण डोक्यावरून. गवंड्याने फक्त बसवायची मजुरी सांगितलीय. काम पावसाआधी उरकायचंय.

उखडणं, डबर टाकणं, मुरूम चोपणं, पीसीसी (सळ्या नसलेलं साधं काँक्रीट) आणि ही वाहतूक आपल्याकडे मजुरीत धरतात की प्रत्येकाचा दर वेगळा ठरवतात? आणि जमिनीची ओल अडवायला पीसीसीखाली जाड प्लास्टिक पुरतं का?